अकरा नावांचं एक डोकं

जेनसान, ६ मार्च

मानांग फेलिसा,

गेल्या गुरुवारी सकाळी मी अंघोळ केली, दाढी गुळगुळीत केली, तुझ्या मुलाचा लाल शर्ट अंगात घातला आणि त्याच्या नावाने मशीनमध्ये जाऊन झोपलो. डोक्याचं स्कॅन काढतात त्या मशीनमध्ये. ते चालवणाऱ्या बेर्तिंगने माझ्या कपाळावरून पट्टा आवळला आणि विचारलं, "नाव?"

"रेओमार."

"वय?"

"सव्वीस."

"सव्विसाव्या वर्षी बराच म्हातारा झालास रे," असं म्हणून तो काचेआड गेला.

तुझ्या रेओमारला रिंगमध्ये उतरू देणार नाही, अशी शपथ मी तुझ्यापाशी घेतली होती. ती मोडली त्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. बरोबरच आहे. म्हणून पत्र लिहितो. हाँगकाँगला पत्र पोचायला बारा-पंधरा दिवस लागतात हे मला माहीत आहे. ते माहीत असूनच लिहितोय, हेही लिहून टाकतो.

तू विचारशील, त्याच्या जागी मी का झोपलो. त्याचा सराव मोडू नये म्हणून. एकतीस तारखेला त्याची कोरियात लढत आहे आणि स्कॅनच्या रांगेत अख्खी सकाळ जाते. एवढंच.

हे पहिल्यांदा केलं असंही नाही. परदेशी लढायला जायचं तर परवान्याच्या ऑफिसात डोक्याचं चित्र द्यावं लागतं. चित्रात काही खोट निघाली तर परवाना अडतो. आमच्या जिममध्ये ज्या पोराच्या डोक्याची खात्री नसते, त्याच्या नावाने मी जातो. माझं डोकं चांगलं आहे. एकोणीस वर्षं मी रिंगच्या कोपऱ्यात बादली धरली, रक्त पुसलं, पण स्वतः एक ठोसा खाल्ला नाही. बॉस वेन्सी म्हणतात, "सांतोचं डोकं म्हणजे देवाने जिमला दिलेलं दान." सहा वर्षांत ते जपानला गेलं, थायलंडला गेलं, कोरियाला तर चारदा. मी स्वतः अजून विमानात बसलो नाही.

रेओमार अकरावा.

प्रत्येक फिल्मवर माझ्या डाव्या कानामागे एक पांढरा ठिपका येतो, त्याला किरणं फुटलेली असतात. बेर्तिंग त्याला तारा म्हणतो. तो तू ठेवलेला आहे, मानांग. मी आठ वर्षांचा होतो, तू बारा. वटवाघळं मारायला तू बाबांची छऱ्यांची बंदूक घेतलीस आणि मी नारळाच्या झावळ्यांमागे लपलो होतो. आपण दोघांनी घरी सांगितलं, सांतो पडला. गावच्या वैदूने पाला बांधला, वर कातडी धरली, छर्रा आतच राहिला. अजून बोटाखाली सरकतो. रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर दर वेळी लिहितात: धातूचा जुना कण, धोका नाही. दोन फिल्म शेजारी शेजारी धरून कोणी पाहिल्या नाहीत.

बॉसने मला एक जॅकेट दिलंय. इथे फार उकडतं, घालवत नाही.

तुझा भाऊ,
क्रिसांतो


१३ मार्च

मानांग,

रेओमारचं वजन अजून साडेतीन किलो जास्त आहे. भर दुपारी पत्र्याखाली प्लॅस्टिकचा सूट घालून दोरीवर उड्या मारतो, मग पाणी न पिता बसतो. घाम संपला की थुंकी काढायची. च्युइंगम चघळायचं आणि बाटलीत थुंकायचं, तासन्‌तास. बाटली मी धरतो, त्याचा तियो, सख्खा मामा. ती कोमट असते.

"तियो, तुझं तोंड का वाकडं? च्युइंगम मी खातोय की तू?"

"थुंक गपचूप."

"ही बाटली आईला पाठवू या. चिठ्ठी लाव: तुझा मुलगा गळतोय, खाली ठेवायला भांडं पाठव."

सगळी पोरं हसली. मीही हसलो. मग मोरीत जाऊन उलटी केली.

हल्ली मला सगळ्याची किळस येते. ओल्या पट्ट्यांचा वास, दातांच्या रबराला चिकटलेली लाळ, बादलीतलं गुलाबी पाणी. एवढी वर्षं हे सगळं मी शेतातल्या चिखलासारखं धरलं होतं, कामाचा भाग म्हणून. आता जेवताना भातालाही तोच वास येतो. लढतीआधी पोरांच्या भुवयांवर व्हॅसलीन लावायचं काम माझं. लावून झालं की मी अंगठ्याने त्यांच्या कपाळावर क्रूस काढतो. पूर्वी लोक हसायचे, आता पोरं स्वतःहून कपाळ पुढे करतात. तो अंगठा काल मी दगडाने घासला.

बॉसना तू पाहिलेलं नाहीस. ते टूनाच्या बोटींना बर्फ पुरवतात आणि परदेशी रिंगांना पोरं. तिकडे एखादा नवा पोरगा वर चढवायचा असला की त्याच्याकडून हरायला कोणीतरी लागतं. परवा ते फोनवर कोरियातल्या माणसाशी बोलत होते. "चौदा विजय आहेत हो. कागदावर देखणा दिसतो. शेवटचे सात सामने बघूच नका. नाही नाही, उभा राहील. चार राऊंड तर नक्की. पाचव्यात झोपवा, आमची काही तक्रार नाही."

रेओमार तिथेच हाताला पट्ट्या गुंडाळत होता. म्हणाला, "बॉस, सहाव्यात झोपलो तर बक्षीस?"

"सहाव्यात झोपलास तर तुला तिथंच उशी देतो," बॉस म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

रूडेनचं तुला कधी सांगितलं नाही. तो सातवा होता. दोन वर्षांपूर्वी बँकॉकहून चाकांच्या खुर्चीत परत आला. तिथल्या लोकांनी कागद काढून दाखवला: तुमच्याकडून निघाला तेव्हा डोकं स्वच्छ होतं, हे बघा. डोकं स्वच्छच होतं. माझं होतं. बॉसबरोबर मी त्याच्या घरी तांदळाचं पोतं पोचवलं. त्याची बायको त्याला पेज भरवत होती आणि तो माझ्याकडे बघून गोड हसला. ओळखून नाही; तो आता सगळ्यांकडे बघून तसाच हसतो.

रेओमार बरा आहे. पाय थोडा ओढतो. काल सकाळी कॉफीचं गरम पाणी त्याने कपाच्या शेजारी ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणाला, "टेबलालाही तहान लागते, तियो." संध्याकाळी दारात बसून त्याने मला विचारलं, "आई बाजारातून आली का?"

तू जाऊन सतरा वर्षं झाली. मग तोच हसला, म्हणाला, "गंमत केली."

गंमतच असणार.

क्रिसांतो


१९ मार्च, संत योसेफचा दिवस

मानांग,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

सराव मोडू नये म्हणून मी मशीनमध्ये झोपलो नव्हतो. रेओमारचं स्वतःचं स्कॅन फेब्रुवारीतच झालं होतं. त्याचा पाय ओढायला लागला तेव्हा मी बॉसना न विचारता त्याला डावाओच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बूट घ्यायला जाऊ, असं सांगून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. तारा नव्हता. कवटीच्या आतल्या कडेला, नखाएवढ्या जाडीची काळपट चंद्रकोर होती.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या. "जुनं झिरपलेलं. आणि हा फिकट भाग नवा. याला परत डोक्यावर मार बसला तर माझ्याकडे आणू नका, कारण माझ्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही. आता आणलात तर आहे."

त्यांनी हे दोनदा सांगितलं. माझ्याकडे बघून एकदा आणि रेओमारकडे बघून एकदा.

बसमध्ये त्याने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "डॉक्टरीण माझ्याकडेच बघत होती ना? लग्न झालं असेल का तिचं?"

"रेओमार."

"ही एकच लढत, तियो. ही जिंकलो तर आईला तूच फोन कर. म्हण, तुझा मुलगा जिंकला. हरलो तर काय, ती सवय आहेच." आणि मग माझा दंड धरून म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. मला दुसरं काय येतं?"

मी सांगितलं. बॉसना सांगितलं. वाटलं होतं, ऐकून ते हादरतील. ते आपल्या झुंजीच्या कोंबड्याला मका चारत होते. चारून झाल्यावर हात झटकले आणि म्हणाले, "ते डोकं राहू दे की. तुझं आहे ना?"

मी म्हटलं, "बॉस, तो माझा भाचा आहे."

"म्हणूनच. परक्यासाठी दहा वेळा झोपलास, घरच्यासाठी झोपायला लाज वाटते?"

यावर उत्तर होतं. मला सुचलं नाही असं नाही. पण तेवढ्यात त्यांनी आतून जॅकेट मागवलं. निळं, चमकणारं. एकोणीस वर्षांत, मानांग, मी कोपऱ्यातला बादलीवाला. बाहेरगावी जाताना मुख्य माणूस नेहमी दुसरा. पेपरात फोटो आला तर त्यात माझा हात येतो, फडक्यासकट. बॉस म्हणाले, "या वेळी कोपऱ्यात मुख्य तू. कोरियाला तूच जायचं." आणि जॅकेट उलटं केलं. पाठीवर सोनेरी दोऱ्याने माझं नाव शिवलेलं होतं, अख्खं, मोठ्या अक्षरांत.

मी ते बोटाने वाचलं, गावच्या शाळेत पाटीवर वाचायचो तसं. आणि म्हणालो, "ठीक आहे."

गुरुवारी मशीनमध्ये झोपलो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. पट्टा आवळला तेव्हा ठाऊक होतं. नाव विचारलं तेव्हाही. उपासाच्या या दिवसांत आपल्या गुरूला विकणाऱ्याच्या तीस नाण्यांबद्दल प्रवचन होतं, दरवर्षी ऐकतो. मला तेवढीही लागली नाहीत. दोऱ्यावर काम झालं.

शुक्रवारी पाप कबूल करायला चर्चमध्ये गेलो. सगळं सांगितलं, तारा, चंद्रकोर, जॅकेट, काही लपवलं नाही. जाळीपलीकडे पाद्रीबाबा जरा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "पण मग तुला काय वाटतं, कितव्या राऊंडपर्यंत टिकेल?"

रविवारी प्रार्थनेनंतर ते बॉसच्याच कोंबड्यांवर पैसे लावतात. मला माहीत होतं. त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. देवाबद्दल माझी तक्रार नाही. जाळीपलीकडे तो नव्हता, एवढंच. पण किळस बादलीची नाही, थुंकीची नाही, बॉसची किंवा पाद्रीबाबांचीही नाही, हे तिथे बसल्यावर कळलं. वास माझ्या अंगाला होता आणि मी तो इतके दिवस भातात शोधत होतो.

हे पत्र तुला लढतीनंतर मिळेल. दुकानातून तुला तीनदा फोन लावला. माझा आवाज ऐकून तीनदा कापलास.

क्रिसांतो


२२ मार्च

पहिलं पत्र पोचलं म्हणायचं. काल तू रेओमारला फोन केलास. तो जिमच्या ओट्यावर बसला होता, आवाज मोठा ठेवून.

"अगं आई, ठणठणीत आहे. माझं डोकं तियोच्या डोक्याइतकंच चांगलं आहे. तसं कागदावर आहे." पोरं हसायला लागली. मग तुझा आवाज आला, इतक्या वर्षांनी: "मामाने लिहिलंय मला, सरावासाठी वेळ नव्हता म्हणून. असली चोरी परत नको. आणि जप."

त्याने फोन माझ्याकडे केला, भुवया उडवल्या. तू तिकडून काहीतरी म्हणालीस आणि त्याने हात मागे घेतला.

तू माझ्या खोट्यावर विश्वास ठेवलास, मानांग. चार वर्षं माझं एक अक्षर ऐकलं नाहीस आणि ऐकलंस ते नेमकं तेच. खरं कळलं असतं तर तू फोनवर 'जप' म्हणून थांबली नसतीस. पुढचं विमान धरून आली असतीस.

मंगळवारी सकाळी आम्ही निघणार आहोत. माझं तिकीटही आलंय.


२७ मार्च

मानांग फेलिसा,

विमान आज सकाळी आम्हा दोघांना न घेता गेलं. रेओमार आतल्या खोलीत आहे, दार लावून. मी बाहेर चटई टाकली आहे. तो मला शिव्या देतो, मग थांबतो, मग परत देतो. थांबला की मी उठून दाराला कान लावतो. गुरुवारी त्या डॉक्टरीणबाईंकडे त्याची वेळ घेतली आहे. येणार नाही म्हणतो. मी दारातून हलणार नाही.

काल संध्याकाळी त्याला कळलं तेव्हा तो माझ्यावर धावून आला. उजवा हात मारला. मी हललो नाही, हात वर केले नाहीत, मला ते येतही नाही. ठोसा माझ्या कानाशेजारून गेला आणि तो तोल जाऊन भिंतीवर आदळला. तुझा मुलगा, चौदा विजय, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला चुकला. त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तियो, तू हललास," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, हललो."

हे एक शेवटचं खोटं मला माफ कर.

आता कालचं सांगतो. ऑफिसात दाखवून परत आणलेल्या फिल्म जिमच्या लोखंडी कपाटात असतात, त्याची किल्ली माझ्याकडेच असते. त्यातून अकरा फिल्म काढल्या, गुंडाळून तांदळाच्या पोत्यात घातल्या. बारावी, डावाओची, शर्टाच्या आत छातीशी धरली. जॅकेट बॉसच्या फाटकाला अडकवलं आणि पहिल्या बसने डावाओला गेलो, परवान्याच्या ऑफिसात.

टेबलामागे जाड चष्म्याची एक बाई होती. वर न बघता म्हणाली, "परवान्याची मुदत वाढवायची का, दादा?"

"नाही. परत करायला आलोय."

"काय परत करायला?"

मी तिच्याकडे चिकटपट्टी मागितली. खिडकीला पूर्वेचं ऊन होतं. एकेक फिल्म काचेवर लावत गेलो. पाच लावल्यावर काच संपली, तेव्हा तिनेच शेजारच्या खिडकीचा पडदा सरकवला. अकरा डोकी. अकरा नावं. प्रत्येकाच्या डाव्या कानामागे एक तारा, त्याच जागी, तेवढाच.

ती चष्मा वर करून एकेकीजवळ गेली. "मशीनचा डाग असेल," म्हणाली.

"मशीनचा नाही. हात लावा." मी तिच्यासमोर वाकलो आणि कान पुढे ओढून धरला.

ती तयार होईना. मग तिने एक बोट लावलं. छर्रा सरकला असणार, कारण तिने हात झटकन मागे घेतला आणि रुमालाला पुसला, दोनदा. एकोणीस वर्षं मी लोकांना पुसत आलो. मला हात लागला म्हणून हात पुसणारी ती पहिलीच. मला बरं वाटलं, मानांग. कोणीतरी बरोबर ओळखलं.

आतून साहेब आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि कोणीही सांगायच्या आत खुर्ची ओढून बसले. "तुमच्या लक्षात येतंय ना," ते म्हणाले, "की यात तुम्हीही जाल? चौकशी होईल. कोपऱ्यात परत कधी उभं राहता येणार नाही."

"येतंय."

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "कोणी नाही." मग वाटलं, आज तरी पूर्ण खरं सांगावं. "हा छर्रा माझ्या बहिणीचा आहे," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी लिहिण्यासाठी कागद दिला.

जबानी मी स्वतःच्या हाताने लिहिली. बॉसचं नाव, बेर्तिंगचं नाव, माझं नाव. मग अकरा नावं, एकाखाली एक, रूडेनचं ठळक. शाळेत मास्तर म्हणायचे, सांतो, अक्षर चांगलं आहे, पण तू फार दाबून लिहितोस. कागद दोन ठिकाणी फाटला. खाली सही केली. बाईने कपाटातून परवाने काढले, माझा, बादलीवाल्याचा, कात्रीने मधोमध कापला आणि रद्दचा शिक्का हातात घेतला.

"आधी हा," मी म्हटलं, आणि छातीशी धरलेली बारावी फिल्म तिच्यापुढे ठेवली. "यावर तारा नाही, बघा. हा उद्या निघणार आहे."

तिने फिल्म उजेडात धरली. चंद्रकोर तिलाही दिसली. "कोण हा?"

"माझा भाचा."

तिने रेओमारचा परवाना समोर घेतला. त्यावरचा फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे, पहिल्या लढतीच्या आधीचा. त्यात नाक सरळ आहे आणि तो तुझ्यासारखा दिसतो. शिक्का शाईत बुडवून तिने फोटोवर धरला.

"तिथे नको," मी म्हटलं. "बाजूला मारा."

तिने बाजूला मारला.

क्रिसांतो